पारशी घरातली लेक आणि स्तनाच्या कॅन्सरची भीती

प्रश्न : मी मूळची गिरगावची, मराठी. लग्न करून पारशी घरात आले त्याला आता तीस वर्षं होत आली. सासूबाईंना ६८व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, त्यातून त्या बऱ्या झाल्या आणि पुढे हृदयविकाराने गेल्या. नणंदेला ४१व्या वर्षी झाला. ती आज पंचावन्नची आहे, नवसारीला असते, पण त्या विषयावर अवाक्षर काढत नाही. माझी एकुलती एक मुलगी २७ वर्षांची आहे. मध्यंतरी घरच्या ग्रुपवर कुणीतरी एक मजकूर पाठवला : पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर सगळ्यांत जास्त आहे आणि वर्षानुवर्षं वाढतच चालला आहे. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. माझी बहीण म्हणते, मुलगी अर्धी आपली आहे, रक्त मिसळलं की धोका गेला. ह्यांची मावशी म्हणते, लवकर लग्न लावून द्या, पोरं झाली की हे होत नाही. मुलगी म्हणते, मला काहीही तपासून घ्यायचं नाही. तिची ती जीनची टेस्ट करावी का? आणि हे समाजाच्या रक्तातच असेल, तर टेस्ट करून तरी काय हाती लागणार? — एक आई, दादर

ताई,

तुमच्या पत्रात तुम्ही सर्वांत जास्त घाबरलात त्या ग्रुपवरच्या मजकुराला. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती मात्र तुम्ही ओघात लिहून गेलेली एक गोष्ट : नणंदबाईंचं वय. ४१. डॉक्टरकडे गेलात तर ते समाज कोणता हे नंतर विचारतील, आधी हे वय विचारतील. या वयावर मी परत येणार आहे. पण आधी तो मजकूर, कारण त्यातलं अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच माणसाची झोप जास्त उडते.

पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, ही गोष्ट खरी. ती कुणाच्या कानगोष्टीतून आलेली नाही, मोजून आलेली आहे. भारतात एखाद्या वस्तीतल्या सगळ्या कॅन्सरची मोजणी करणारी पहिली नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या डॉ. द. ज. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. नोंदणीची माणसं शहरातल्या रुग्णालयांत फिरून केसपेपर पाहतात, महापालिकेच्या मृत्युनोंदी पाहतात, माणूस मुंबईचाच रहिवासी आहे ना याची खात्री करतात, आणि मग एक नोंद पक्की होते. त्यात धर्माची नोंदही असते. म्हणून मुंबईत समाजवार चित्र पाहता आलं. १९७० साली डॉ. पेमास्टर आणि गंगाधरन यांनी मुंबईच्या पारशी समाजातल्या कॅन्सरवर स्वतंत्र लेख लिहिला, पुढे जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम चालू ठेवलं. चित्र असं दिसलं : तंबाखूशी जोडलेले तोंडाचे, घशाचे, फुप्फुसाचे कॅन्सर पारशांमध्ये कमी, स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर कमी, आणि स्तनाचा कॅन्सर मात्र शहरातल्या इतर स्त्रियांच्या दुपटीच्या घरात.

ही यादी पुन्हा एकदा वाचा, ताई. त्या मजकुरात फक्त शेवटचा भाग होता. ज्या घरात अग्नी पूज्य, तिथे विडी-सिगारेट पेटवणं निषिद्ध. तेच पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलं आणि त्याचं फळ फुप्फुसाच्या आकड्यांत दिसतं. म्हणजे समाजाचे आकडे बोलतात ते बहुतांशी समाज कसा जगतो याबद्दल. स्तनाच्या कॅन्सरबाबतही मला तेच ऐकू येतं.

आता 'वाढतच चालला आहे' या वाक्याकडे येऊ. १९४१ च्या जनगणनेत पारशी सुमारे १ लाख १४ हजार होते, २०११ मध्ये ५७,२६४. महाराष्ट्रात पंचेचाळीस हजारांच्या आसपास, त्यातले बहुतेक मुंबईत. त्यात स्त्रिया अर्ध्या. एवढ्या लहान संख्येत एका वर्षी पाच-सात केस जास्त निघाल्या की दर एकदम उंच दिसतो, पुढच्या वर्षी तो खाली येतो. म्हणून लहान समाजाचा कल पाहायचा तर पाच-पाच, दहा-दहा वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. एका वर्षाच्या आकड्यावरून कुणी काही सांगत असेल तर त्याकडे सरळ दुर्लक्ष करा.

दुसरी गोष्ट वयाची. २००१ च्या जनगणनेत पारशांपैकी सुमारे ३१ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. देशात हे प्रमाण सात-साडेसात टक्के होतं. कॅन्सर हा मोठ्या प्रमाणावर उतारवयाचा आजार आहे. एका सोसायटीत सगळे निवृत्त लोक आणि दुसरीत सगळी नवी जोडपी असली, तर मोतीबिंदूची ऑपरेशनं पहिलीतच जास्त होणार. त्यावरून पहिलीच्या पाण्यात दोष आहे असं कुणी म्हणत नाही. म्हणून अभ्यासक नुसत्या केस मोजून थांबत नाहीत. दोन्ही समाजांत वयाचं वाटप सारखंच आहे असं धरून दर काढतात, त्याला वय-समायोजित दर म्हणतात. तुम्ही ओळखीच्या पारशी घरांत एकामागून एक नावं ऐकता, त्यातला मोठा वाटा या वाढत्या वयाचा आहे. पण मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही : वयाचा हिशेब वजा केल्यावरही पारशी स्त्रियांचा दर जास्तच राहिला. तो का, हे पुढे सांगते.

आणखी एक अडचण आहे, ती सहसा कुणी बोलत नाही. दर म्हणजे भागाकार. वर केस, खाली लोकसंख्या. वरचा आकडा दर वर्षी मिळतो, खालचा जनगणनेतून. २०११ नंतरची जनगणना लांबली. ज्या समाजाची संख्या घटते आहे, तरुण मुलं परदेशी जाताहेत, तिथे खालचा आकडा अंदाजानेच धरावा लागतो. शिवाय पारशी कोणाला म्हणायचं हाही प्रश्न आहेच. १९०८ च्या पेटिट विरुद्ध जीजीभाय खटल्यात न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी मांडलेल्या मतापासून आजवर, पारशी बापाची मुलं पारशी आणि पारशी आईची, बाहेरच्या बापाची मुलं बाहेरची, असाच रिवाज बहुतेक ठिकाणी चालत आला. म्हणजे तुमची मुलगी नोंदणीत पारशी म्हणून येईल. तुमच्या नणंदेची मुलं, त्यांचे वडील बाहेरचे असतील तर, बहुधा येणार नाहीत. आजीकडून जे काही यायचं ते मात्र दोघांकडेही सारखंच आलेलं असू शकतं. समाजाच्या आकड्यावरून तुमच्या लेकीचं भविष्य वाचता येत नाही असं मी म्हणते ते यासाठी.

मग दर जास्त का? याचं उत्तर शोधायला पारशी समाजाच्या बाहेर जावं लागतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत रामाझिनी नावाच्या वैद्याने लिहून ठेवलं की मठातल्या जोगिणींमध्ये स्तनाचा कॅन्सर फार दिसतो. १९२६ साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या डॉक्टर बाईंनी आजारी ५०० आणि निरोगी ५०० स्त्रियांची माहिती शेजारी ठेवून पाहिली आणि उशिरा लग्न, कमी मुलं, कमी अंगावर पाजणं या गोष्टी पुढे आल्या. २००२ मध्ये तीस देशांतले ४७ अभ्यास एकत्र केले गेले. दर बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आणखी सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो असं त्यातून निघालं. पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन आणि दारू या गोष्टी धोका वाढवणाऱ्या.

आता मुंबईचा पारशी समाज डोळ्यांपुढे आणा. मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा माणेकजी करसेटजींनी १८६३ साली काढली, तेव्हा बाकीच्या बहुतेक घरांत मुलींचं लग्न दहाव्या-बाराव्या वर्षी होत होतं. पारशी मुली शिकल्या, नोकऱ्या केल्या, उशिरा लग्न केलं, कित्येकींनी केलंच नाही, ज्यांनी केलं त्यांना एक किंवा दोन मुलं झाली. आज त्या समाजात एका स्त्रीमागे सरासरी एकाहूनही कमी मूल आहे. आयुर्मान चांगलं, औषधपाणी वेळेवर, त्यामुळे आजार सापडतोही. त्यांचा दर चढा असण्याचा मोठा भाग या जगण्यात आहे.

हे मी इतकं ठासून सांगते, कारण उरलेली मुंबई आता त्याच वाटेने चालली आहे. साठच्या दशकात शहरातल्या सगळ्या स्त्रियांचा स्तनाच्या कॅन्सरचा वय-समायोजित दर वर्षाला लाखामागे विसाच्या आसपास होता. अलीकडे तो तिसाच्या वर गेला. त्याच काळात गर्भाशयमुखाचा कॅन्सर खाली आला. एके काळी मुंबईत तो पुढे असायचा, आता स्तनाचा पहिल्या क्रमांकावर आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिथे स्तनाच्या कॅन्सरचा दर मुंबईपेक्षा बराच कमी आढळला आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर पुढे होता. बार्शीच्या आणि मुंबईच्या मराठी बायकांचं रक्त वेगळं नाही. जपानहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांतही हेच दिसलं : आजीपेक्षा नातीचा दर अमेरिकन बायकांच्या जवळ गेला. पारशी स्त्रियांच्या आकड्यांकडे मी म्हणूनच आपल्या सगळ्यांचे आकडे म्हणून पाहते. त्यांच्याकडे जे आधी दिसलं ते गिरगावात, डोंबिवलीत आणि पुण्यात आता दिसतं आहे.

पण 'मोठा भाग' म्हणजे सगळा नव्हे. कॅन्सरचे काही धागे आनुवंशिक असतात. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्के केसेसमध्ये आईकडून किंवा वडिलांकडून आलेला जनुकातला दोष कारण असतो. बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षी सापडलं. यांत दोष असलेल्या स्त्रीला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. अंडाशयाचा कॅन्सरही होऊ शकतो, पहिल्या जनुकात तो धोका ४० टक्क्यांच्या वर, दुसऱ्यात सुमारे १७ टक्के. अश्केनाझी ज्यू समाजात दर ४० माणसांमागे एकाकडे यांतला ठरावीक दोष सापडतो, म्हणून पुष्कळ लोक पारशांनाही त्याच तागडीत टाकतात. तुम्ही टाकू नका. समाज लहान आणि आपसात लग्न करणारा आहे एवढ्यावरून प्रत्येक घरात दोष आहे असं होत नाही.

प्रश्न तुमच्या घराचा आहे. आणि इथे नणंदबाईंचं वय येतं. सासूबाईंचा ६८व्या वर्षीचा कॅन्सर कोणत्याही घरात होऊ शकतो. ४१व्या वर्षीचा मात्र आनुवंशिक तपासणीचा विचार करायला लावतो. हे कुटुंब मराठी असतं, कोकणी मुसलमान असतं, तरी मी हेच म्हटलं असतं.

तुमच्या बहिणीचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण ते चुकीचं आहे. असा दोष असेल तर जनुकाची एक प्रत पुरते. तुमच्या यजमानांकडे तो असेल तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, आई कोणत्याही जातीधर्माची असो. वडिलांकडची बाजू डॉक्टर आणि नातेवाईक दोघंही विसरतात, कारण वडिलांना स्वतःला सहसा काही झालेलं नसतं. पुरुषाकडे, विशेषतः बीआरसीए-२ मधला दोष असेल, तर त्यालाही प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो. तेव्हा या चौकशीत यजमानांचा स्वतःचाही संबंध आहे.

मावशींच्या सल्ल्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. बाळंतपणामागे ७ टक्के म्हणजे किती? एखाद्या बाईचा आयुष्यभराचा धोका शेकडा १० असेल तर तो ९.३ होतो. लाखो बायकांचा हिशेब केला की समाजाचा आकडा यामुळे हलतो, पण एका मुलीच्या आयुष्यात एवढ्याशा फरकासाठी लग्न ठरवायचं नसतं. बाळंतपणानंतर काही वर्षं धोका किंचित वाढतोही. आणि जनुकात दोष असेल तर मूल झाल्याने तो पुसला जात नाही. कॅन्सरचं नाव पुढे करून २७ वर्षांच्या मुलीवर लग्नाचा आणि मुलांचा दबाव आणू नका, दुसऱ्या कुणाला आणू देऊ नका. तिने लग्न करावं, न करावं, केव्हा करावं, हे तिचं तिला ठरवू द्या.

आता टेस्ट. मुलीची टेस्ट आधी करू नका. हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल आणि तिलाही. ज्या व्यक्तीला आजार झाला तिची तपासणी आधी करायची असते, म्हणजे नणंदबाईंची. कारण असं : मुलीची टेस्ट आधी केली आणि काही सापडलं नाही, तर दोष घरात नव्हताच की घरात होता आणि तिला मिळाला नाही, की घरातला दोष या टेस्टमध्ये दिसणाऱ्यांपैकी नाही, हे कळायला मार्ग नाही. नणंदबाईंमध्ये नेमका दोष सापडला तर मग तोच शोधायला यजमानांची टेस्ट. त्यांच्याकडे नसला तर त्यांच्या बाजूने मुलीला तो येऊच शकत नाही, विषय संपला. असला तर मुलगी स्वतः ठरवेल. नणंदबाईंमध्ये काहीच सापडलं नाही, तर मुलीचा धोका इतर मुलींपेक्षा थोडा जास्त धरायचा, तिशीनंतर वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासून घ्यायचं आणि मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) केव्हा सुरू करायची हे डॉक्टरांनी घराचा इतिहास पाहून सांगायचं.

रक्त देण्याआधी आनुवंशिक समुपदेशन झालंच पाहिजे. टाटा मेमोरिअलच्या परळच्या रुग्णालयात आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या त्यांच्याच केंद्रात यासाठी कॅन्सर जेनेटिक्सचा विभाग आहे. घरपोच किट मागवून केलेल्या टेस्टवर मात्र जाऊ नका. रिपोर्टमध्ये कधी कधी 'अर्थ न लागलेला बदल' असं येतं. जनुकात फरक दिसतो, पण तो घातक की निरुपद्रवी हे सांगायला पुरेशी माणसं तपासली गेलेली नसतात. ज्या समाजांची जनुकीय माहिती जगात कमी गोळा झाली आहे त्यांच्या रिपोर्टमध्ये असं जास्त येतं. अशा ओळीवरून कुणीही ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नसतो. समजावून सांगणारं माणूस समोर असेल तरच ही ओळ नीट वाचली जाते.

'करून काय उपयोग' असं तुम्ही विचारलंत. उपयोग आहे. दोष सापडलेल्या स्त्रियांसाठी पंचविशीपासून दर वर्षी स्तनाचा एमआरआय असतो, कारण तरुण वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ लपते. मुलं झाल्यावर, पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान अंडाशयं काढून टाकण्याचा मार्ग असतो, कुणी स्तन काढून घेण्याचा निर्णय घेतं, कुणी घेत नाही. आजार झालाच तर अशा दोषावर चालणारी औषधंही आता आहेत. समाजाचा दर कुणाला बदलता येत नाही, पण घरातली ही गोष्ट माहीत असली तर करण्यासारखं पुष्कळ असतं.

नणंदबाईंशी बोलायला कठीण जाईल. तुम्ही फोन करू नका, त्यांच्या भावाला करू द्या, आणि शक्य असेल तर त्याने नवसारीला जाऊन भेटावं. चौदा वर्षं त्या हे एकट्या घेऊन बसल्या आहेत. 'आमच्या मुलीसाठी टेस्ट कर' असं विचारलं तर त्यांना आपण दोषी ठरल्यासारखं वाटेल. 'तुझ्यासाठी कर' असं सांगा, आणि ते शंभर टक्के खरं आहे. त्यांच्यात दोष असेल तर अंडाशयाचा धोका त्यांनाच आहे, आज, पंचावन्नाव्या वर्षी, आणि त्यावर करता येण्यासारखं काही आहे हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नाही. त्या नाही म्हणाल्या तर जोर करू नका. मग समुपदेशक यजमानांपासून सुरुवात करायची का ते सांगतील. तोवर नणंदबाईंकडे जुना बायोप्सीचा रिपोर्ट मागा. गाठ कोणत्या प्रकारची होती हे सांगणाऱ्या ईआर, पीआर आणि हर-२ या तीन चाचण्यांचे निकाल त्यात असतील. तिन्ही निगेटिव्ह असले तर समुपदेशकाला ते ताबडतोब सांगायचं.

मुलीला आत्ता काही करायचं नाही हे तिचं म्हणणं चुकीचं नाही. मोठ्यांची तपासणी आधी व्हायची आहे, त्यामुळे तिच्यावर आज कसलीच घाई नाही, एवढं तिला सांगा. गाठ, खड्डा, बोंडातून रक्त किंवा पाणी, काखेत फुगवटा, असं काही दिसलं तर मात्र वय २७ आहे म्हणून थांबायचं नाही.

शेवटी तुमच्याबद्दल. दोन पानी पत्रात तुमच्या स्वतःच्या तपासणीचा एक शब्द नाही. तीस वर्षांपूर्वी लग्न झालं म्हणता, म्हणजे तुम्ही पन्नाशीच्या पुढे असणार. मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा मेमोरिअलने १९९८ पासून एक मोठा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, एवढंच, मशीन नाही. २०२१ मध्ये निकाल आले, तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सबंध गटात घट सुमारे १५ टक्के होती, पण ती योगायोगाची नाही असं खात्रीने म्हणण्याइतकी मोठी नव्हती. फायदा ठळक दिसला तो तुमच्या वयाला. तुमचं माहेर गिरगावचं असल्याने तुम्ही यातून बाहेर आहात असं नाही. मुलीची अपॉइंटमेंट नंतर पाहू. या आठवड्यात तुमची घ्या, स्तन आणि गर्भाशयमुख दोन्ही तपासून घ्या, आणि जाताना यजमानांना बरोबर न्या, म्हणजे जेनेटिक्स विभागाची चौकशीही त्याच खेपेत होईल.